गादीच्या दोन खुर्च्या

मंडळाचं पत्र आलं तेव्हा शिवणकाकू गणवेशाच्या शर्टाची बाही उसवत होत्या. पत्र फोडलं त्यांच्या सासऱ्यांनी, कारण घरात येणारा प्रत्येक लिफाफा आपल्यासाठीच असतो अशी आप्पांची पक्की समजूत होती. त्यांनी चष्मा पुसला, पत्र एकदा मनात वाचलं आणि मग खाकरून मोठ्यांदा वाचायला घेतलं.

"घरभाडे साहाय्य. वाढलेल्या भाड्याचा भार वर्षभर मंडळ उचलणार. आपला अर्ज पोचला. मंगळवारी अकरा वाजल्यापासून आमच्या तपासणी अधिकारी प्रत्यक्ष घरी येऊन पाहणी करतील."

काकूंच्या हातातली कात्री थांबली. "घरी येणार? आपल्या घरी?"

"अर्ज आपण केलाय, तर शेजारच्या गल्लीत कशाला जातील?"

चार मजल्यांची ती बिल्डिंग गृहनिर्माण मंडळाची होती. कमी कमाईच्या लोकांना कमी भाड्यात घर मिळावं म्हणून बांधलेली. गेल्या वर्षी मंडळाला काय सुचलं कोण जाणे, त्यांनी बिल्डिंगला लिफ्ट बसवली, जिन्याला रंग दिला आणि मग लिफ्टचा आणि रंगाचा खर्च सगळ्यांच्या भाड्यावर टाकला. पूर्वी माणसं चार मजले चढून दमायची. आता लिफ्टने वर जायची आणि भाड्याची पावती बघून दमायची.

काकूंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. काकूंचं शिवणकाम आणि आप्पांची गोदामातली चिमूटभर पेन्शन यांच्यात ते वाढीव भाडं बसत नव्हतं. मदत मिळाली नाही तर पुढच्या महिन्यात घर सोडायचं हे ठरलेलंच होतं. शहराच्या पार टोकाला एक खोली काकूंनी बघूनही ठेवली होती. तिथे एकही ओळखीचं गिऱ्हाईक नव्हतं. शिवाय खोली एवढी लहान की मशीन ठेवलं तर खाट मावत नव्हती, आणि आप्पा काही मशीनवर झोपू शकत नव्हते.

तर अशी सगळी भिस्त त्या मंगळवारावर. आणि काकूंना काळजी कसली, तर बाईंना बसवायचं कुठे याची.

"सेटची चिठ्ठी टाकते," त्या उठत म्हणाल्या.

सेट ही त्या बिल्डिंगची खास गोष्ट होती. वीसेक वर्षांपूर्वी सगळ्यांनी वर्गणी काढून थोडं देखणं सामान घेतलं होतं. गादीच्या दोन खुर्च्या, एक गालिचा, सोनेरी काठाचे सहा कप आणि भिंतीवरचं मोठं लंबकाचं घड्याळ. कुणाकडे साहेब येणार असले, व्याही येणार असले की सेक्रेटरीकडे चिठ्ठी टाकायची आणि सेट घरी न्यायचा. पाहुणे गेले की पुसून परत. या सामानासमोर बिल्डिंगमधली निदान नऊ लग्नं ठरली होती, आणि नऊच्या नऊ व्याह्यांना आपल्याला खास ठेवणीतली खुर्ची मिळाली असं वाटलं होतं.

"सूनबाई, ती बाई आपली अडचण बघायला येतेय," आप्पा म्हणाले. "तिला गालिचा कशाला दाखवतेस?"

"अडचण आहे म्हणून काय आलेल्या माणसाला फाटक्या चटईवर बसवायचं?"

"हो! तेच तर बसवायचं!"

"तुम्हाला कळत नाही त्यातलं," काकू म्हणाल्या आणि चौथ्या मजल्यावरून खाली तिसऱ्यावर सेक्रेटरीकडे गेल्या.

तिथे पोचल्यावर कळलं की चिठ्ठी टाकणाऱ्या त्या चौथ्या. तळमजल्यावरचा वायरमन, दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यातल्या सिस्टर आणि स्वतः सेक्रेटरी, या तिघांनीही मदतीचा अर्ज केला होता आणि तिघांनाही मंगळवारसाठी सेट हवा होता. बाई एक, दिवस एक, सेट एक, घरं चार.

सेक्रेटरी म्हणजे नियोजनाचा भारी सोस असलेला माणूस. बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीचंसुद्धा त्याने वेळापत्रक केलं होतं, फक्त ते पाण्याला माहीत नव्हतं.

"अगदी सोपं आहे," तो म्हणाला. "बाई खालून वर जाणार. बाई लिफ्टने, सेट जिन्याने. मी चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दारात चप्पल घालून लिफ्ट पाच मिनिटं अडवून धरतो. तेवढ्यात वायरमन आणि त्याचा भाऊ खुर्च्या पुढच्या घरी पोचवतील. काकू, कप तुमच्याकडे. तुमचा हात हलका आहे."

मंगळवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना तपासणीबाई आल्या. काखेत फाइल, हातात पेन आणि चेहरा असा की त्यावरून काही अंदाज बांधावा तर सोयच नाही. वायरमनने त्यांना गादीच्या खुर्चीत बसवलं. काकूंनी सोनेरी काठाच्या कपात चहा पुढे केला. त्या खुर्चीची स्प्रिंग जरा उत्साही होती. बाई मागे टेकल्या, स्प्रिंगने त्यांना पुढे ढकललं आणि अर्धा कप चहा गादीवर सांडला.

"अरेरे, तुमची छान खुर्ची खराब झाली," बाई म्हणाल्या.

"असू दे, असू दे, घरचीच आहे!" वायरमन म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

पुढचा प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. बाई लिफ्टचं बटण दाबत उभ्या राहिल्या, वरती सेक्रेटरी लिफ्टच्या दारात चप्पल अडकवून उभा राहिला आणि जिन्याने खुर्च्या, गालिचा, घड्याळ आणि काकू दुसऱ्या मजल्यावर पोचल्या. घाईत घड्याळाचा लंबक निखळला होता. तो वायरमनच्या भावाने खिशात टाकला. सिस्टरांनी ओली गादी उलटी करायचं ठरवलं होतं, पण तेवढ्यात बेल वाजली.

बाई आत आल्या, बसल्या आणि लगेच उठल्या.

"ओलं आहे."

"सकाळीच धुतली," सिस्टर म्हणाल्या.

"खुर्ची?"

"दवाखान्यात काम करते ना मी. स्वच्छतेची सवय."

बाई दुसऱ्या खुर्चीत बसल्या. चहा घेतला. कपाच्या सोनेरी काठावरून बोट फिरवलं आणि फाइल उघडली. काकू ट्रे घेऊन समोर उभ्या होत्या. समोरच्याच्या हातातला कागद उलटा वाचायची सवय त्यांना धंद्यानेच लावली होती. गिऱ्हाईक नमुन्याचं पुस्तक नेहमी स्वतःकडे धरून बोलतं, आणि काकूंना तो नमुना पलीकडून वाचावा लागतो. त्यांनी बाईंचा कागद सहज वाचला, आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली.

कागदावर घरातल्या सामानाची यादी होती आणि प्रत्येक वस्तूपुढे गुण होते. गादीच्या खुर्च्या दोन, सहा गुण. गालिचा, पाच. भिंतीवरचे मोठे घड्याळ, तीन. चहाचा उंची संच, तीन. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात छापलं होतं की एकूण गुण वीसपर्यंत असतील तर अर्जदार पात्र, वीसच्या वर गेले तर अपात्र.

म्हणजे नुसत्या सेटचेच सतरा. सिस्टरांचं स्वतःचं कपाट आणि पंखा धरला की त्या गेल्याच. वायरमन तर केव्हाच गेला होता. इतकी वर्षं ज्या सेटने सगळ्यांची अब्रू राखली, तो आज एकेकाला घराबाहेर काढत चालला होता.

काकूंनी ट्रे ठेवला आणि "आलेच" म्हणून जिन्याने तिसरा मजला गाठला. सेक्रेटरी हातात चप्पल घेऊन तयारच होता. काकूंनी एका दमात सगळं सांगितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"सेट सोडा, काकू! माझ्याकडे मेव्हण्याने दिलेला मोठा टीव्ही आहे. सोफा आहे. धुण्याचं मशीन आहे. फ्रिज आहे. मी सेटशिवायच तिसाच्या घरात आहे!"

"मग आता?"

सेक्रेटरीने डोळे मिटले. नियोजन चालू झालं होतं. "तुम्ही खाली जाऊन बाईंना दहा मिनिटं रोखा. बाकी माझ्यावर सोडा."

त्या 'बाकी'त काय काय येतं हे काकूंनी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण त्या खाली धावल्या. सिस्टरांच्या दारात बाई निरोप घेत होत्या आणि मागे वायरमन गालिच्याच्या टोकाला हात घालून तयार होता. सेट आता कुठेच नेऊ नकोस हे बाईंसमोर कसं सांगायचं? काकूंनी डोळे मोठे केले आणि मान हलवली. वायरमनने त्याचा अर्थ 'आटप लवकर' असा घेतला आणि मान डोलावली.

लिफ्टपाशी काकूंनी बाईंना गाठलं. मग त्यांना बाईंच्या खांद्याजवळची शिवण दिसली.

"बाई, तुमची बाही उसवलीय. हलू नका, दोन टाके घालते."

"अहो, राहू द्या."

"राहू द्या म्हणून राहत नाही ती. आणखी उसवत जाते." काकूंच्या पदरात सुई-दोरा कायमचा टोचलेला असायचा. एरवी दोन मिनिटांचं काम त्यांनी तेरा मिनिटं पुरवलं. घातलेले टाके नीट नाहीत म्हणून काढून परत घातले. वरून जिन्यात काहीतरी जड घासल्याचे आवाज येत होते.

"वर काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"मुलं खेळतायत," काकू म्हणाल्या. नेमकं तेव्हाच कुणीतरी वरून ओरडलं, "अरे, फ्रिज तिरका कर, तिरका!"

तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरीने दार उघडलं आणि काकूंनीच तोंडावर हात ठेवला. घरात काही म्हणजे काही नव्हतं. सोफा नाही, टीव्ही नाही, भांडं नाही, पडदा नाही. जितके गुण कमी तितकी मदत जास्त असा हिशेब करून त्याने घर पार पुसून काढलं होतं. खिडकीतला कुंडीचा ठसासुद्धा कोरडा केला होता. मध्यभागी तो एकटा उभा, आणि बोलला की भिंती त्याचंच बोलणं त्याला परत ऐकवत होत्या.

"तुम्ही इथे राहता?" बाईंनी विचारलं.

"हो तर. अकरा वर्षं."

"बसता कुठे?"

"बसत नाही फारसं. कामातच असतो."

"आणि झोपता?"

सेक्रेटरीने इकडेतिकडे पाहिलं. "भिंतीला टेकून," तो म्हणाला.

"स्वयंपाक?"

"बायको माहेरी गेलीय," तो म्हणाला. बायको नेमकी त्याच वेळी वरच्या जिन्यावरून "मिक्सरचं झाकण राहिलं!" असं ओरडली. बाईंनी कागदावर एकच ओळ लिहिली आणि फाइल मिटली. काकूंना ती वाचता आली नाही, कारण त्यांचं लक्ष भलतीकडे होतं. एवढं सामान गेलं कुठे, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता.

चौथ्या मजल्यावर त्यांना उत्तर मिळालं. त्यांच्या घराचं दार वीतभरच उघडत होतं, कारण आतून त्याला सेक्रेटरीचा सोफा टेकला होता.

सोफ्यावर धुण्याचं मशीन होतं. धुण्याच्या मशीनवर टीव्ही. फ्रिजशेजारी दुसरा फ्रिज. गालिचा गुंडाळून उभा केलेला, घड्याळ लंबकाशिवाय त्याला टेकवलेलं. कुंड्या, गाद्या, बादल्या, मिक्सर आणि त्याचं झाकण. खालून सेक्रेटरीने वर पाठवलं होतं आणि वायरमनने वेळापत्रकाबरहुकूम सेटही आणून ठेवला होता. आणि या सगळ्याच्या मधोमध, एका गादीच्या खुर्चीवर आप्पा बसले होते. सोनेरी काठाच्या कपातून ते पाणी पीत होते.

"या," आप्पा म्हणाले. "बसा म्हणालो असतो, पण जागा फक्त त्या ओल्या खुर्चीवर आहे."

बाईंनी खुर्चीच्या गादीवर हात ठेवला. "ही खुर्ची मला सकाळपासून भेटतेय," त्या म्हणाल्या. "चहा मीच सांडलाय हिच्यावर."

काकूंना वाटलं, संपलं. टोकावरची ती खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली. खाट आणि मशीन यांच्यातलं काय ठेवायचं हे आता खरंच ठरवावं लागणार होतं. आप्पांना या वयात शहराबाहेर न्यायचं, गिऱ्हाइकं पुन्हा पहिल्यापासून जमवायची. एवढं सगळं कशासाठी, तर आपली चटई फाटकी आहे हे एका परक्या बाईला दिसू नये म्हणून! काकूंना स्वतःची अशी लाज वाटली की ती लपवायला आता कुठलाही गालिचा पुरला नसता. मग त्यांनी ती लपवलीच नाही.

"बाई, तुम्ही खरं काय ते लिहा," त्या म्हणाल्या. "या खुर्च्या, गालिचा, कप, घड्याळ, हे कुणा एकाचं नाही. सगळ्या बिल्डिंगचं मिळून आहे. ज्याच्याकडे पाहुणे येतात तो नेतो. वायरमनकडे तेच होतं, सिस्टरांकडे तेच होतं. त्यांच्या नावावर ते लिहू नका. आम्ही कुणी फसवायला नाही आणलं. उलटंच झालं."

"आणि हा सोफा? दोन फ्रिज?"

"ते… शेजाऱ्यांचं."

"कुठल्या शेजाऱ्यांचं?"

काकूंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी छताकडे पाहिलं. "ते मी नाही सांगणार," काकू म्हणाल्या. "माझं काय ते विचारा. दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला मला लावू नका."

बाईंनी शिवणाच्या मशीनचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या.

"मी दारात दिसले की लोक सामान लपवतात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं आणून दाखवणारी माणसं मला आजपर्यंत भेटली नव्हती. माझ्यासाठी कशाला आणलं हे सगळं?"

"घरी आलेलं माणूस म्हणजे पाहुणाच की," काकू म्हणाल्या.

बाईंचा चेहरा काही हलला नाही, पण त्यांनी मागची दोन पानं उलटली, त्यांतल्या चार-चार ओळींवर रेघ मारली आणि नवीन पान काढलं. "आता तुमचं एकेक दाखवा."

काकूंनी दाखवायला सुरुवात केली. पहिल्या वस्तूला आवाज बारीक होता, तिसरीपर्यंत तो नेहमीसारखा झाला. हे कपाट आमचं, दार लागत नाही पण आमचं. तो छोटा टीव्ही आमचा. दोन पंखे. हा डावीकडचा फ्रिज, उजवीकडचा नाही. मशीन बघून बाई म्हणाल्या, "पोटापाण्याचं आहे, त्याला गुण नसतात." चटईवरून मात्र त्या चालल्या नाहीत, कडेने गेल्या, कारण काकूंनी ती सकाळीच धुऊन घातली होती.

"आणि मी?" आप्पा म्हणाले. त्यांना कुणी अजून काही विचारलं नव्हतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. "मीही याच घरातला आहे. मलाही लिहा."

"आप्पा!"

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"हिचा सासरा."

बाईंनी मान खाली घातली आणि लिहिलं.

तीन आठवड्यांनी पत्रं आली. वायरमनचं मंजूर, सिस्टरांचं मंजूर. सेक्रेटरीचं पत्र वेगळ्या रंगाचं होतं. 'सदर सदनिकेत कुणी राहत असल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही. सदनिका रिकामी असल्यास ती गरजू कुटुंबास का देण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.' तो पत्र घेऊन चारही मजले पळत फिरला. शेवटी सगळ्यांनी सह्या करून दिल्या की हा माणूस इथेच राहतो, त्याचा त्रास आम्हाला रोज होतो, आणि त्याचा टीव्ही मेव्हण्याने दिलेला आहे. मंडळाने पुन्हा तपासणी करायचं कबूल केलं. नियोजनाचं मात्र त्याने त्यानंतर बरेच दिवस नाव काढलं नाही.

काकूंच्या पत्राला हात लावायचं धैर्य काकूंना होत नव्हतं. आप्पांनीच ते फोडलं.

"मंजूर," ते म्हणाले. "वर्षभरासाठी."

काकू मशीनवर डोकं टेकून बसल्या आणि थोडा वेळ रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी पाहिलं, तर आप्पांचा चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"मागच्या पानावर यादी जोडलीय," आप्पा कोरड्या आवाजात म्हणाले. "ऐक. लाकडी कपाट, पाच. टीव्ही, लहान, सहा. पंखे दोन, चार. फ्रिज, जुना, पाच." ते थांबले. "सासरे, एक. शून्य."

काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"छत्तीस वर्षं गोदामात वजनं केली मी. दाण्याचा फरक पडू दिला नाही. त्या दार न लागणाऱ्या कपाटाला पाच, आणि मला शून्य? मी मंडळात जाऊन तक्रार करणार आहे. निदान एक तरी गुण!"

"आप्पा," काकू म्हणाल्या, "आधी बेरीज करा."

बेरीज कर म्हटल्यावर आप्पा कधी नाही म्हणत नसत. त्यांनी बोट ओळीवरून खाली आणलं. ओठ हलले. मग बोट परत वर गेलं आणि पुन्हा खाली आलं.

"वीस," ते म्हणाले.

"आणि मर्यादा किती?"

आप्पांनी त्या शून्यावर बोट ठेवलं. "म्हणजे मला एक जरी गुण मिळाला असता…"

"तर आपण शहराच्या टोकाला."

त्यांनी पत्राची नीट घडी घातली, ते खिशात ठेवलं, आरशात बघून टोपी सरळ केली आणि ते बाहेर पडले. त्या दिवशी लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला आप्पा थांबवून सांगत होते, "आमचं घर माझ्यामुळे राहिलं. लेखी आहे माझ्याकडे."